रुखवतातला रुमाल

वऱ्हाडात लग्नसराई ऐन उन्हात येते. कापसाचा शेवटचा वेचा घरी आलेला असतो, तूर-हरभरा विकून झालेला असतो, पेरणीला अजून अवकाश असतो. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला तरी गल्लोगल्ली मांडव उभेच असतात. अशा लग्नात सगळ्यांची नजर सोन्याकडे आणि शालूकडे जाते. कापडाच्या एका लहानशा चौकोनाकडे कोणी मुद्दाम बघत नाही. पण साक्षगंधापासून, म्हणजे साखरपुड्यापासून, वरातीपर्यंत तो कुठे ना कुठे असतोच. नवरदेवाच्या मुठीत असतो, ओटीच्या ताटावर असतो, सोयऱ्याच्या खांद्यावर असतो, रुखवताच्या टेबलावर असतो. पन्नास वर्षं लोटल्यावर शालू विरलेला असतो, दागिने मोडून लेकींच्या लग्नांत लागलेले असतात, आणि पेटीच्या तळाशी तो चौकोन तेवढा घडी न मोडता सापडतो.

एरवी रुमाल भेट द्यायला आपली माणसं बिचकतात. रुमाल दिला की भांडण होतं, ताटातूट होते, असं अमरावतीतही म्हणतात आणि पुण्यातही. कोणी दिलाच, तर घेणारा त्याच्या हातावर एक रुपया ठेवतो. मग ती भेट राहत नाही, खरेदी होते, आणि दोष टळतो. हा समज आपल्यापुरता नाही. चीनमध्ये अंत्यविधीला आलेल्यांच्या हाती रुमाल किंवा टॉवेल देण्याची रीत आहे, म्हणून एरवीच्या भेटीत तो वर्ज्य. रुमालाने डोळे पुसतात, गाडी सुटताना रुमाल हलवतात, त्यामुळे दूरदूरच्या समाजांत त्याचं नाव ताटातुटीशी जोडलं गेलं. लग्नात मात्र तोच रुमाल शुभ ठरतो. मला याचं कारण असं वाटतं, की लग्नातला रुमाल कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत सुपारी असते, नारळ असतो, टोपी असते, निदान कोपऱ्यात मारलेली एक गाठ असते.

वऱ्हाडी मानपानात पुरुषाचा मान डोक्याचा आणि खांद्याचा. टोपी-रुमाल, टोपी-दुपट्टा, टॉवेल-टोपी ही नावं घरोघर बदलतात, रीत एकच. नावं पुकारली जातात, कपाळाला कुंकवाचा टिळा लागतो, टोपी चढते, खांद्यावर कापड पडतं. व्याही, मामा, मोठे जावई, गावातली वडीलधारी माणसं असा क्रम असतो आणि त्या क्रमात चूक झाली तर रुसवे होतात. कापडाची किंमत सगळ्यांनाच ठाऊक असते. पाहुण्याचं लक्ष आपलं नाव कोणत्या नावानंतर आलं इकडे असतं. शिवाय वैशाखातल्या लग्नात हे कापड कामाचंही असतं. पंगतीतून उठल्यावर तोंड पुसायला, परतीच्या प्रवासात कानाला गुंडाळायला. सुती धागा आजूबाजूच्या हवेतलाच ओलावा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती रुमालाने घाम टिपला जातो आणि पॉलिएस्टरच्या रुमालाने तो चेहराभर पसरतो. आहेरात आलेला चकचकीत रुमाल घरी गेल्यावर कपाटात पडून राहतो, तो त्यामुळेच.

नवरदेवाच्या हातातला रुमाल वेगळा. बाशिंग, लिंबू खोचलेली कट्यार आणि घडी केलेला रुमाल हा जुन्या लग्नफोटोंतला नेहमीचा साज. बाळापूर, अचलपूर, अकोला इथल्या मुसलमान घरांत निकाहाच्या वेळी नवरदेव नाका-तोंडावर रुमाल धरून, नजर खाली ठेवून बसल्याचं जुन्या माणसांना आठवतं. दक्षिणेतल्या उर्दूतली ‘दस्ती’, म्हणजे हातरुमाल, हिंदू घरांतल्या बोलण्यातही रुळलेली आहे. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण त्याआधीचा हैदराबादच्या निजामाचा अंमल कपड्यालत्त्यात, खाण्यात आणि बोलण्यात टिकून राहिला.

वऱ्हाडातल्या बंजारा तांड्यांवर तर कापडाचा चौकोन हीच एक कला होती. जाड सुती कापडावर दाट टाके, कडेला कवड्या, मधे आरसे, लाल-निळ्या-पिवळ्या दोऱ्यांच्या चौकटी. लग्न ठरलेली मुलगी आईच्या आणि काकीच्या शेजारी बसून असे रुमाल, सुपारी ठेवायच्या पिशव्या, पाण्याच्या घड्याखालची चुंबळ भरायची आणि सासरी न्यायची. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजाराच, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. वाशीम-यवतमाळकडच्या तांड्यांतल्या आज्यांच्या बोटांत हेच भरतकाम होतं. त्याच्याकडे अजून कोणी पुरेशा आस्थेने पाहिलेलं नाही.

पण या लेखाचा खरा विषय आहे रुखवतातला रुमाल.

रुखवत म्हणजे मुलीकडून मांडली जाणारी आरास. शेवया, पापड, कुरडया, अनारसे, लाडू यांची ताटं आणि त्यांच्या शेजारी मुलीच्या हातचं काम. उशीचे अभ्रे, तोरण, मण्यांचं काम, लोकरीचं काम, टेबलावरचं कापड आणि रुमाल. यांतले काही रुमाल ताटं झाकायचे असतात. क्रोशाने विणलेली जाळी आणि कडेला काचेचे मणी; मण्यांच्या वजनाने रुमाल वाऱ्याने उडत नाही आणि माशीही आत शिरत नाही. काही रुमाल खिशातले, नवरदेवासाठी भरलेले. आणि काही निव्वळ बघण्यासाठी, पुढे काचेत बसवून भिंतीवर लावायचे. रुखवताभोवती मुलाकडच्या बायका जमायच्या, कापड उलटं करून मागची बाजू बघायच्या. पुढची बाजू सगळ्यांचीच छान असते. मागे दोरे लोंबतात का, गाठी किती, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर दोरा ओढून नेला आहे का, यावरून हात कळतो. ही परीक्षा कडक असायची आणि मुलगी समोर उभी असायची.

हे काम बहुतेकींनी शाळेत किंवा शेजारणीकडे शिकलेलं असायचं. शिवणाच्या तासाला आधी धावदोरा, मग टीप, मग साखळी टाका, गाठीचा टाका, काजाचा टाका, भरीव टाका. खिशातल्या रुमालासाठी पॉपलीन किंवा केम्ब्रिक, झाकण्याच्या आणि टांगायच्या रुमालासाठी मॅटीचं कापड. नक्षी उतरवायला निळा कार्बन. तो नसेल तर कागदावरच्या नक्षीला टाचणीने भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने वरून फिरवायची. रॉकेल उडून जातं आणि निळे ठिपके कापडावर राहतात. दोरा सहा पदरी मिळतो. नाजूक कामाला एक किंवा दोन पदर सोडवून घेतात, भरीव कामाला तीन. तो दोरा चमकतो, त्यामागे एक रासायनिक युक्ती आहे. जॉन मर्सर या इंग्रज कारागिराला १८४४च्या सुमारास दिसलं, की सुती कापड कॉस्टिक सोड्यात बुडवलं की तंतू फुगतात आणि रंग अधिक धरतात. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लो याने ही प्रक्रिया दोरा ताणून धरून केली, तेव्हा तंतू फुगून गोल आणि गुळगुळीत झाले आणि त्यांना रेशमासारखी चकाकी आली. फ्रान्समधल्या मुलूझची १७४६ साली सुरू झालेली डीएमसी कंपनी या चमकदार दोऱ्यांसाठी प्रसिद्ध झाली. तेरेझ द दिलमाँ या बाईंचा भरतकामाचा जाडजूड कोश १८८६मध्ये आला, तोही याच कंपनीच्या आश्रयाने. कोशातल्या रोमन अक्षरांच्या आणि गुलाबांच्या चौकटी मिशनच्या शाळांतून आणि शिवणाच्या पुस्तकांतून जगभर गेल्या. आपल्याकडच्या रुमालांवर फुलांची परडी आणि लाल गुलाब इतका सारखा दिसतो, त्याचं मूळ या चौकटींत असावं. मोर, राघू, कलश आणि स्वस्तिक मात्र इथले.

देवनागरी अक्षरांच्या चौकटी त्या परदेशी पुस्तकांत नव्हत्या. त्या बायकांनी एकमेकींच्या रुमालांवरून उतरवून घेतल्या, आणि मला यात त्यांची फार मोठी बुद्धी दिसते. फुलीचा टाका म्हणजे कापडाचे उभे-आडवे धागे मोजून घातलेली छोटी फुली. त्यात रेघ सरळच जाते, वळण पायऱ्यापायऱ्यांनी घ्यावं लागतं. शिरोरेखा सोपी, न आणि म सोपे. पण क, श, ळ यांची गोलाई, वेलांटीचा वळसा आणि जोडाक्षरातलं अर्धं अक्षर एवढ्याशा चौकोनात बसवायचं म्हणजे अक्षराचा सांगाडा नीट समजलेला हवा. छापखान्याचे खिळे पाडणाऱ्या कारागिरांपुढे जो प्रश्न होता तोच या मुलींपुढे होता, आणि त्यांनी तो मॅटीच्या तुकड्यावर, कंदिलाच्या उजेडात सोडवला.

जुन्या रुमालांवर म्हणूनच ऱ्हस्व-दीर्घाच्या गफलती दिसतात, ‘ण’च्या जागी ‘न’ दिसतो, कारण वऱ्हाडी बोलण्यात तो तसाच आहे. १९५१च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांमागे नऊसुद्धा साक्षर नव्हत्या. त्या काळात जिच्या रुमालावर अक्षरं आहेत, ती चार-दोन इयत्ता शाळेत गेली होती किंवा तिने भावाच्या पाटीवरून अक्षरं गिरवली होती. अशा मुलीने कागदावर फारसं काही लिहिलेलं नसतं. तिचं टिकलेलं हस्ताक्षर सुईचं असतं.

त्या अक्षरांत बहुतेक वेळा काय असतं? ‘स्वागतम्’, ‘शुभविवाह’, कधी गावाचं नाव, कधी साल, आणि नाव. हे नाव नीट वाचलं पाहिजे. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवरीचं नवं नाव लिहिण्याची पद्धत होती, अजूनही बऱ्याच घरांत आहे. त्या दिवसापासून माहेरचं नाव संपतं. पुढे रेशनकार्डावर, मतदारयादीत, सातबारावर नाव लागलंच तर ते सासरचं. नातवंडांना आजीचं माहेरचं नाव ठाऊक नसतं. कधी कधी तिच्या मुलांनाही नसतं. रुखवताचा रुमाल मात्र लग्नाच्या आधी भरलेला असतो. त्यावर पूर्ण नाव असो की नुसतं पहिलं अक्षर, ते माहेरचं असतं. कित्येक बायकांच्या बाबतीत त्या नावाचा उरलेला एकमेव लेखी पुरावा म्हणजे हा रुमाल. यासाठीच तो मला शालूपेक्षा आणि दागिन्यापेक्षा मोलाचा वाटतो. शालू विणकराने विणला, दागिना सोनाराने घडवला. दोन्ही बापाने विकत आणले. रुमाल तिने केला आणि त्यावर सही केली.

रुमाल कधी भरला गेला, हेही थोडं बारकाईने पाहिल्यावर सांगता येतं. फक्त मुलीचं नाव किंवा अक्षर असेल तर तो साक्षगंधाच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. दोन अक्षरं शेजारी असतील, किंवा नवरदेवाचं नाव मोठं आणि आपलं छोटं असेल, तर साक्षगंध ते लग्न या मधल्या काळातला. त्या काळात दोघांची भेट नसायची, पत्र लिहिणं तर दूरच. गडगनेराच्या, म्हणजे केळवणाच्या, जेवणांची धावपळ चालू असायची आणि त्यातून वेळ काढून मुलगी एका अनोळखी माणसाच्या नावाचं अक्षर कापडावर उमटवत बसायची. जुन्या बायकांना विचारलं, “आजी, हे तुनं भरलं काय?” तर उत्तर तेवढंच येतं, “म्याच भरलं, बापा.” पण रुमाल हातात घेताना त्या आपोआप अंगठ्याने अक्षरांवरून हात फिरवतात.

हे असं दुसरीकडे कुठे झालं आहे का, म्हणून शोधलं तर पोर्तुगालच्या उत्तरेकडचा मिन्यो प्रांत सापडतो. तिथे लग्नाच्या वयाच्या मुली सुती किंवा लिननच्या चौकोनी कापडावर प्रेमाच्या ओळी, हृदयं, फुलं आणि पाखरं भरायच्या आणि मनातल्या मुलाला तो रुमाल द्यायच्या. मुलाने तो गळ्यात किंवा कोटाच्या खिशात उघडपणे मिरवला, की गावाला कळायचं, जमलं. त्या मुलींनाही जेमतेम अक्षरओळख होती. त्यांनी शब्द जसे बोलले जातात तसे लिहिले, चुकांसकट. पुढे व्हिला व्हेर्दी गावात या कलेचं पुनरुज्जीवन झालं तेव्हा त्या चुका दुरुस्त केल्या गेल्या नाहीत; त्याच आता त्या रुमालांची ओळख आहेत. आपण मात्र ‘ण’च्या जागी ‘न’ दिसला की हसतो आणि रुमाल परत घडी करून ठेवतो.

आपल्या देशातलं उदाहरण हिमाचलमधल्या चंब्याचं. चंबा रुमाल ताट झाकण्याचाच रुमाल आहे. लग्नात दोन घरांमध्ये जी भेटींची ताटं जायची, त्यांवर तो असायचा. पहाडी चित्रकार मलमलीवर कोळशाने रेखाटन करून द्यायचे आणि बायका पीळ नसलेल्या रेशमाने ते भरायच्या. टाका असा, की दोन्ही बाजूंनी चित्र सारखंच दिसतं. उलटं करून परीक्षा घेणाऱ्या विहिणीला त्यात काही सापडणार नाही. कृष्णाची रास, शिकार, राधा-कृष्ण आणि खुद्द लग्नाचा प्रसंग हे त्यांचे विषय. १८८३मध्ये चंब्याच्या राजघराण्याने इंग्रजांना कुरुक्षेत्राच्या युद्धाचं भरतकाम भेट दिलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. २००७मध्ये चंबा रुमालाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि ही कला शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या ललिता वकील यांना २०२२मध्ये पद्मश्री. चंब्याच्या रुमालामागे दरबार होता आणि चित्रकार होते. वऱ्हाडच्या रुमालामागे शिवणाचा तास होता आणि शेजारीण होती. म्हणून पहिला संग्रहालयात गेला आणि दुसरा लोखंडी पेटीत राहिला.

युरोपच्या नाटकात तर लग्नाची पहिली भेट म्हणून दिलेल्या रुमालावर सगळी शोकांतिका उभी आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त डेस्डिमोनाचा रुमाल हरवतो, तो भलत्याच माणसाकडे सापडतो आणि नवऱ्याच्या मनातला संशय पक्का होतो. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९०मध्ये ‘झुंझारराव’ या नावाने हे नाटक मराठीत आणलं. रुमाल हा बायकोच्या निष्ठेचा पुरावा मानणारा नवरा मराठी प्रेक्षकाला परका वाटला नाही.

रुमाल कापसाचा आणि वऱ्हाड कापसाचा प्रदेश, पण या दोघांची गाठ सरळ पडलेली नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली आणि अकोला, बडनेरा, अमरावती, खामगाव इथल्या गाठी मुंबई बंदरात जाऊ लागल्या. लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला अमरावतीच्याच नावावरून ‘ऊम्राज’ म्हणत. पण हा गावरान कापूस आखूड धाग्याचा होता. धागा आखूड असला की सूत बारीक कातता येत नाही. बारीक काततानाच ते तुटतं. त्या सुताचं कापड चादरीला, धोतराला, सतरंजीला चांगलं. रुमालाच्या तलम केम्ब्रिकला लांब धाग्याचा, इजिप्तसारखा कापूस लागतो. म्हणजे तिवसा-दर्यापूरच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाईने लेकीच्या रुखवतासाठी जे कापड अमरावतीच्या दुकानातून आणलं, ते तिच्या रानातल्या बोंडांचं सहसा नसायचं. तिचा कापूस गाठीत बांधून निघून गेलेला होता आणि तिच्याकडे परत आला तो दुसऱ्याच कुणाचा.

इथे एका रुमालवजा कापडाची आठवण येते. २० नोव्हेंबर १९४७ला इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचं लग्न झालं. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं, जाळीदार विणलेलं एक ताटावरचं कापड त्यांना पाठवलं. त्याच्या मधोमध ‘जय हिंद’ विणलेलं होतं. एलिझाबेथ यांच्या आजी राणी मेरी यांना ते पंचासारखं काहीतरी वाटलं आणि त्यांना ते रुचलं नाही, असं सांगतात. पण कापड टिकलं. राजघराण्याच्या संग्रहात ते अजून आहे आणि प्रदर्शनांत मांडलं गेलं आहे. वर्ध्याच्या सेवाग्रामपासून अमरावती फार लांब नाही, आणि स्वतःच्या हाताने केलेली वस्तूच लग्नात द्यावी हे रुखवत मांडणाऱ्या घरांना कोणी शिकवावं लागत नव्हतं.

मग रुखवतातला हा रुमाल गेला कुठे? घरोघर टेरीकॉट आलं, त्यात रुमालही आले. कागदी टिश्यू आले. मुली कॉलेजात गेल्या, नोकऱ्या करू लागल्या, आणि सुट्टीत महिनाभर सुईवर डोळे ताणायची सक्ती संपली, हे चांगलंच झालं. रुखवत आता तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. काचेच्या बाहुल्या आणि थर्माकोलचे देखावे हॉलच्या कोपऱ्यात चार तास उभे राहतात आणि दुसऱ्या लग्नाला जातात. टोपी-दुपट्ट्याच्या मानपानालाही अनेक गावांनी आणि समाजांनी बैठका घेऊन आळा घातला आहे, आणि तो घालायलाच हवा होता. कर्ज काढून लग्नं करू नका, हे गाडगेबाबांनी कीर्तनातून याच मुलखात ओरडून सांगितलं. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून १९५५च्या ‘ग्रामगीते’त लग्नातल्या उधळपट्टीला विरोध केला. नापिकी आणि कर्ज यांनी पिचलेल्या जिल्ह्यांत शंभर माणसांना टॉवेल-टोपी वाटणं हा मान नव्हे, तो बोजा आहे. पण हाताने भरलेल्या रुमालाचा खर्च कधीच नव्हता. एक हात कापड आणि चार लडी दोरा. मानपानाच्या यादीवर फुली मारताना तोही तिच्यासोबत पुसला गेला, एवढंच मला सलतं.

जे रुमाल पेट्यांत शिल्लक आहेत, ते वाचवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी थोडं रसायन माहीत असलेलं बरं.

सगळ्यात आधी खळ. कडक दिसावा म्हणून रुमालाला खळ घालून ठेवलेला असतो. खळ म्हणजे पिष्ट, आणि कसरीला पिष्ट आवडतं. रुमालाला लहान लहान भोकं पडतात ती बहुधा याच कारणाने. साध्या, गार, स्वच्छ पाण्यात रुमाल भिजवून खळ काढून टाकावी. मात्र त्याआधी प्रत्येक रंगाच्या दोऱ्यावर पांढऱ्या ओल्या कापडाचा बोळा दाबून पाहावा. बोळ्याला रंग लागला, विशेषतः लाल, तर तो रुमाल अजिबात भिजवू नये. पिळू नये, पांढऱ्या टॉवेलवर पसरून सावलीत वाळवावा.

दुसरी गोष्ट हळद. लग्नातल्या रुमालावर पिवळा डाग असतोच, आणि सुनेने तो साबणाने घासला की लालसर होतो, मग घरात गडबड उडते. हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिनचा. क्षार लागला की तो लाल-तपकिरी होतो, आणि साबण क्षारधर्मी असतो. हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची प्रक्रिया करून जे पारंपरिक कुंकू बनतं, त्यामागेही हेच आहे. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून कितीही धुतलं तरी डाग राहतो. पण उजेडात तो हळूहळू फिका पडतो, म्हणून जुन्या बायका हळदीचे कपडे उन्हात टाकत. आठवण म्हणून ठेवायच्या रुमालाला मात्र उन्हात टाकू नये, कारण त्याच उन्हाने दोऱ्यांचे रंगही उडतात. माझं तर म्हणणं असं, की तो डाग काढूच नये. तो त्या दिवसाचा आहे.

तिसरी गोष्ट पेटी. लोखंडी पेटीला पावसाळ्यात आतून गंज धरतो. गंजाचा ठिपका कापडावर उतरला की नुसता डाग पडत नाही. तिथे कापसाचा तंतू लवकर कुजतो आणि काही वर्षांनी त्या जागी भोक पडतं. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरायची आपली सवय आणखी वाईट. वर्तमानपत्राच्या कागदात जे लाकडातलं द्रव्य असतं, ते पिवळं पडत आम्लधर्मी होतं, आणि त्याला चिकटलेलं कापडही पिवळं होतं. कागदाऐवजी जुन्या, धुवून धुवून मऊ झालेल्या पांढऱ्या सुती धोतराचा तुकडा अंथरावा. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नयेत. वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवायचं तर कापडाच्या पुरचुंडीत, रुमालापासून दूर. घडी वर्षानुवर्षं एकाच रेषेवर राहिली तर तिथेच धागा तुटतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, घडी बदलावी किंवा पांढऱ्या कापडाच्या गुंडाळीवर रुमाल सैल गुंडाळून ठेवावा. काचेत बसवायचा असेल तर काच कापडाला चिकटू देऊ नये, मधे पातळ पट्टी ठेवावी, आणि उन्हाची तिरीप येते त्या भिंतीवर तो लावू नये.

आणि जिने तो भरला ती घरात असेल, तर तिला याच उन्हाळ्यात विचारून घ्यावं. माहेरचं नाव काय, गाव कोणतं, तालुका कोणता, शिवण कोणाकडे शिकली, दोरा कुठून आणला, नक्षी कोणाच्या रुमालावरून उतरवली, लग्न कोणत्या सालचं. अमरावतीला संत गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ आहे, गावोगाव कन्याशाळा आहेत. एकेका शाळेने आपल्या पंचक्रोशीतल्या रुमालांचे फोटो आणि ही उत्तरं जमवली, तरी वऱ्हाडातल्या दोन पिढ्यांच्या बायकांच्या अक्षरांचा संग्रह उभा राहील. तोवर घरच्या घरी एवढं करता येतं: सगळी उत्तरं एका जाड पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर किंवा चांगल्या कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून ती रुमालासोबत ठेवावी. शाईच्या पेनाने लिहू नये. पावसाळी दमट हवेत शाई पसरते आणि तिचा डाग थेट रुमालावर उतरतो.